पेजेस सात, मालक एक, पासवर्ड पुतण्याकडे

एखाद्या व्यवसायाची समाजमाध्यमांवर किती पेजेस आहेत, ती कोणत्या नावाने आहेत आणि त्यांचा कारभार कोणाच्या हाती आहे, हे एका संगणकाने दुसऱ्या संगणकाला विचारून घ्यायची जी सोय असते, ती म्हणजे पेजेसची यादी देणारा एपीआय. ही सोय कशी वापरायची ते जिथे लिहून ठेवलेले असते त्याला डॉक्युमेंटेशन म्हणतात. लिहिणारा आणि वाचणारा दोघेही घाईत असल्याने व्यवहारात नुसते 'डॉक'. लिहिणाऱ्याला एपीआय तोंडपाठ असतो, त्यामुळे अवघड भाग त्याला सांगण्यासारखा वाटत नाही. वाचणाऱ्याला काम संध्याकाळपर्यंत उरकायचे असते, त्यामुळे तो नमुन्याचा कोड तेवढा उचलतो. या दोघांच्या मधली जागा भरून काढण्यासाठी कंपन्या सपोर्ट टीम नेमतात, आणि सपोर्ट टीम डॉकची लिंक पाठवते.

या जातीच्या एपीआयचे सर्वांत परिचित उदाहरण फेसबुकचे. फेसबुकने व्यवसायांसाठी पेजेस नोव्हेंबर २००७ मध्ये सुरू केली आणि बाहेरच्या प्रोग्रॅमना ठरावीक पद्धतीने माहिती मागता यावी म्हणून एप्रिल २०१० मध्ये ग्राफ एपीआय आणला. या रचनेत प्रत्येक गोष्ट हा एक नोड असतो: माणूस नोड, पेज नोड, फोटो नोड, फोटोखालची 'छान दादा' ही कॉमेंटसुद्धा नोड. 'मी' हाही एक नोडच. 'कोऽहम्' या प्रश्नावर ऋषिमुनींनी आयुष्ये वेचली. ग्राफ एपीआयने तो एका ओळीत निकालात काढला आहे. ज्याचे टोकन (म्हणजे प्रोग्रॅमला दिलेली परवानगीची चिठ्ठी), तो मी. या 'मी'पुढे तिरकी रेघ देऊन 'अकाउंट्स' असे लिहिले की पेजेसची यादी येते.

विनंतीत दुकानाचे नाव कुठेच येत नाही, इकडे लक्ष द्यावे. या दुकानाची पेजेस कोणती, असा प्रश्न इथे विचारलेलाच नसतो. हे टोकन ज्या माणसाचे आहे त्याचे कोणकोणत्या पेजवर काही चालते, एवढेच एपीआय सांगतो. डॉकमध्ये ही गोष्ट पहिल्याच वाक्यात, नेमक्या शब्दांत लिहिलेली असते. पहिले वाक्य असल्यामुळे ते कोणी वाचत नाही. पुढचा बहुतेक गोंधळ या न वाचलेल्या वाक्यातून निघतो.

तो समजून घेण्यासाठी पुण्यातले एक मिसळीचे दुकान उदाहरणादाखल घेऊ. दारावर पाटी आहे: 'आमची कोठेही शाखा नाही'. फेसबुकवर पेजेस सात आहेत. पहिले थोरल्या मुलाने कॉलेजात असताना काढले. तो आता न्यू जर्सीत असतो आणि ज्या ई-मेलवरून ते काढले तो त्याला आठवत नाही. दुसरे पुतण्याने काढले, कारण पहिल्याचा पासवर्ड मिळेना. तिसरे कोणीच काढलेले नाही: गिऱ्हाइके मिसळ खाता खाता 'आम्ही इथे आहोत' अशी नोंद करत गेली आणि फेसबुकने त्या जागेचे पेज आपणहून तयार केले. सर्वांत जास्त वर्दळ याच पेजवर आहे. चौथे सूनबाईंच्या दिवाळी फराळाचे. ते कोजागरीला जागे होते आणि भाऊबीजेला झोपते. पाचवे जाहिरात एजन्सीने काढले. एजन्सीचे बिल थकल्यापासून पेजही थकले आहे. सहावे एका चाहत्याचे. त्याच्या कव्हर फोटोत समोरच्या दुकानातली मिसळ आहे. सातवे मालक महापालिकेच्या निवडणुकीला उभे राहिले तेव्हाचे. त्याचा प्रवर्ग 'राजकारणी' असा आहे आणि त्यावरची शेवटची पोस्ट मतमोजणीच्या आदल्या रात्रीची आहे.

मालकाला या सातांची यादी हवी आहे. पुतण्याच्या टोकनने विचारले तर दुसरे, चौथे आणि सातवे पेज येते. शिवाय पुतण्या सांभाळतो त्या गणेश मंडळाचे, टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धेचे आणि एका कोचिंग क्लासचेही येते. मालकाच्या टोकनने विचारले तर एकच पेज येते, तेही नुसते बघण्यापुरते. तिसरे पेज कोणाच्याच टोकनने येत नाही, कारण ते कोणाचेच नाही. तिन्ही उत्तरे तांत्रिकदृष्ट्या बिनचूक आहेत.

विचारण्याआधी परवानगी लागते. डॉकमधल्या या भागाला 'पूर्वअटी' असे शीर्षक असते आणि तो सर्वांत लांब असतो. माणसाचा पासवर्ड न घेता प्रोग्रॅमला त्याच्या वतीने काम करू देण्याची जी पद्धत आज सगळीकडे चालते ती ओऑथ २.०; ऑक्टोबर २०१२ मध्ये ती आरएफसी ६७४९ या क्रमांकाने प्रसिद्ध झाली. एक खिडकी उघडते, माणूस 'होय' म्हणतो, प्रोग्रॅमला टोकन मिळते. पेजेसच्या यादीसाठी 'पेजेस शो लिस्ट' ही परवानगी मागावी लागते, आणि आपली कोणती पेजेस या प्रोग्रॅमला दाखवायची ते माणसाला त्याच खिडकीत टिक करून निवडता येते. बहुतेकांना अशा खिडकीत 'पुढे' एवढे एकच बटण दिसते. सावध माणसे मात्र विचार करतात, एकाच पेजवर टिक करतात आणि बाकीची पेजेस का दिसत नाहीत म्हणून आठवड्याने फोन करतात. यादी अपुरी आहे, असे यादीत कुठेही लिहून येत नाही.

पूर्वी हे इतके कडक नव्हते. ग्राफ एपीआयच्या पहिल्या आवृत्तीत एका माणसाने होकार दिला की त्याच्या मित्रांचीही बरीच माहिती प्रोग्रॅमला मिळत असे. मित्रांना विचारण्याची पद्धत नव्हती. ती आवृत्ती ३० एप्रिल २०१५ रोजी बंद झाली. तिच्या काळात गोळा झालेल्या माहितीचे केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरण मार्च २०१८ मध्ये गाजले आणि मग सगळ्यांच्याच कागदपत्रांची तपासणी सुरू झाली. आता लोकांची पेजेस पाहू इच्छिणाऱ्या प्रोग्रॅमला 'अ‍ॅप रिव्ह्यू'तून जावे लागते: परवानगी कशाला हवी ते लिहून द्यायचे, ती कशी वापरणार याचा व्हिडिओ जोडायचा आणि व्यवसाय खरा असल्याचे कागद द्यायचे.

मिसळीच्या दुकानाने असा प्रोग्रॅम करून घ्यायचे ठरवले तर ते इथेच अडते. गुमास्ता मालकाच्या वडिलांच्या नावाने आहे, जीएसटीची नोंदणी 'अँड सन्स'च्या नावाने, विजेचे बिल जागामालकाच्या नावाने, आणि पेजवर दुकानाचे नाव तीन मिरच्यांच्या इमोजींसह आहे. चारही गोष्टी खऱ्या आहेत. तपासणाऱ्याला मात्र चार वेगळे व्यवसाय दिसतात आणि मिरच्यांचा पुरावा कोणत्याच कागदावर सापडत नाही.

टोकन मिळाले तरी ते टिकत नाही. सुरुवातीला मिळणारे टोकन एक-दोन तास चालते. ते बदलून लांब मुदतीचे घेतले तर सुमारे ६० दिवस. मधेच माणसाने पासवर्ड बदलला तर मुदत शिल्लक असूनही टोकन बाद होते. ६० दिवस हा बऱ्याच आयटी कंपन्यांतला नोटीस पिरियडही असल्याने टोकन आणि ते काढणारा डेव्हलपर बहुधा एकाच सुमारास जातात. टोकन नवे कसे काढायचे ते डॉकमध्ये आहे. कोणाच्या लॉगिनने काढले होते, ते गेलेल्या डेव्हलपरला ठाऊक असते.

सगळे जमले की उत्तर जेसन या रूपात येते: महिरपी कंस, अवतरणचिन्हे आणि स्वल्पविराम यांची दाटी. एका पेजमागे साधारण पाच गोष्टी असतात: नाव, आयडी, प्रवर्ग, कामे आणि त्या पेजचे स्वतःचे टोकन. शेवटच्या गोष्टीबद्दल डॉकमध्ये ठळक इशारा असतो, कारण ते टोकन ज्याच्या हाती पडेल त्याला पुतण्याइतकेच अधिकार मिळतात. नवा डेव्हलपर यादी पहिल्यांदा मिळाल्याच्या आनंदात ते अख्खे उत्तर ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो आणि खाली विचारतो, 'बरोबर आलंय ना?' ग्रुपवर बत्तीस माणसे असतात. त्यांतली दोन क्लायंटची असतात आणि एक नोकरी सोडून गेलेली असते.

नावाची वेगळीच तऱ्हा. जेसनमध्ये अक्षराऐवजी त्याचा युनिकोड क्रमांक लिहायची मुभा असल्याने 'मिसळ' हा शब्द 'मिसळ' असाच येईल याची खात्री नसते. म, ऱ्हस्व वेलांटी, स आणि ळ ही चार चिन्हे यू०९२ई, यू०९३एफ, यू०९३८ आणि यू०९३३ अशी उतरतात, प्रत्येकाच्या डोक्याशी एक उलटी तिरकी रेघ. प्रोग्रॅमला यातून 'मिसळ' बिनचूक वाचता येते. मालकाला दाखवले तर 'व्हायरस शिरला' असे म्हणून ते संगणक बंद करायला सांगतात. डॉकमधल्या नमुन्यात पेजचे नाव कायम इंग्रजीत असल्यामुळे हा प्रसंग तिथे कधीच उद्भवत नाही.

आयडी म्हणजे अंकांची लांबलचक ओळ. तिच्याकडे आकडा म्हणून पाहू नये, मजकूर म्हणून साठवावी, असे जाणकार बजावून सांगतात, आणि त्याला कारण आहे. जावास्क्रिप्टला बिनचूक पेलणारा सर्वांत मोठा पूर्णांक ९००७१९९२५४७४०९९१ हा आहे, म्हणजे सोळा अंकी. पेजला जोडलेल्या इन्स्टाग्रामच्या व्यावसायिक खात्याचा आयडी सतरा अंकी असतो. तरीही जावास्क्रिप्ट परवडले, कारण पुढे एक्सेल आहे. अकाउंट्स विभागाला कोणतीही यादी एक्सेलमध्येच हवी असते आणि एक्सेल पंधरा अंकांपुढे काहीही ध्यानात ठेवत नाही. फाइल उघडली की आयडी '१.७८४१४ई+१६' असा दिसतो, आणि सेव्ह केली की शेवटचे दोन अंक कायमचे शून्य होतात. मग तो आयडी परत एपीआयला दिला की 'अशी वस्तू अस्तित्वात नाही' असे उत्तर येते. अकाउंट्सवाल्यांचे म्हणणे असते की आम्ही कशालाही हात लावलेला नाही, फक्त कॉलम रुंद केला.

'कामे' या रकान्यात त्या माणसाला पेजवर काय काय करता येते ते येते: कारभार पाहणे, मजकूर टाकणे, कॉमेंट आवरणे, जाहिरात देणे, आकडे पाहणे. सातबारा वाचता येणाऱ्याला हा रकाना शिकवावा लागत नाही. मालकी कोणाची, कसतो कोण आणि 'इतर हक्कां'त कोणाकोणाची नावे शिरली आहेत, हे त्याला एका नजरेत कळते. मिसळीच्या दुकानाच्या दुसऱ्या पेजवर कारभार पुतण्याकडे आहे, मजकूर पुतण्याच्या मित्राकडे आहे आणि मालकांना फक्त आकडे पाहता येतात. तो अधिकारही पुतण्याने एका पाडव्याला 'काका, तुम्हालापण दिसायला पाहिजे' असे म्हणून कौतुकाने दिलेला. काका-पुतण्यात अधिकार नेमका कोणाचा, हा प्रश्न महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. डॉक कॅलिफोर्नियात लिहिले जात असल्याने तिथे तो एका टीपेतही नाही.

माणसाऐवजी व्यवसायाच्या नावाने यादी मागायची सोयही आहे. २०१४ मध्ये आलेल्या बिझनेस मॅनेजरमुळे एखाद्या व्यवसायाच्या खात्यातली 'ओन्ड पेजेस' आणि 'क्लायंट पेजेस' अशा दोन स्वतंत्र याद्या मागता येतात: पहिलीत मालकीची, दुसरीत दुसऱ्याची पण सांभाळायला घेतलेली. हा मार्ग सर्वांत सरळ आहे. त्याला अट एवढीच की पेजेस आधी कोणीतरी त्या खात्यात आणून ठेवलेली असली पाहिजेत. पाचवे पेज एजन्सीने स्वतःच्या खात्यात 'मालकीचे' म्हणून नोंदवले आहे. त्यामुळे ते दुकानाच्या कोणत्याच यादीत नाही. एजन्सीच्या मालकीच्या यादीत आहे. एजन्सी पेजला आपले समजते, हे वाक्य कराराच्या पहिल्या बैठकीत दोन्ही बाजूंनी आनंदाने उच्चारले होते.

कधी कधी यादी रिकामी येते. दोन चौकोनी कंस, मध्ये काही नाही, आणि वर २०० हा संकेतांक, ज्याचा अर्थ 'सर्व ठीक'. परवानगी मागितलीच नव्हती, मागितली पण दिली नव्हती, दिली पण पेजवर टिक केली नव्हती, टोकन दुसऱ्याच लॉगिनचे होते, किंवा माणसाचे खरोखरच एकही पेज नाही: पाचही प्रसंगी उत्तर तेच. डॉकमध्ये याची कारणे सापडत नाहीत, कारण एपीआयच्या लेखी काही बिघडलेलेच नसते. अशा वेळी डेव्हलपर तीच विनंती पुन्हा पाठवतो. मग पुन्हा. चौथ्यांदा तो एंटर जरा जोरात दाबतो.

पेजेस जास्त असली तर यादी एका खेपेत येत नाही. मोठी यादी हप्त्याहप्त्याने द्यायची पद्धत आहे. एका हप्त्यात न सांगता साधारण २५ नोंदी येतात आणि शेवटी पुढच्या हप्त्याचा पत्ता दिलेला असतो. हप्त्यात नोंदी कमी आल्या म्हणून यादी संपली असे समजू नये, पुढचा पत्ता येईनासा झाला की संपली असे समजावे, असे डॉकमध्ये स्पष्ट आहे. पंचवीसहून जास्त पेजेस एका माणसाकडे कशी असतील, असे डेव्हलपरला वाटते. त्याने पुतण्याला पाहिलेले नसते. गणेशोत्सव, दहीहंडी, नवरात्र, तीन वाढदिवस समिती, दोन 'समर्थक' आणि एक बंद पडलेली जिम असे करत करत पंचवीस भरली की मिसळीचे दुकान दुसऱ्या हप्त्यात जाते. पहिलाच हप्ता वाचून थांबणारा प्रोग्रॅम मालकांना कळवतो की तुमचे पेज नाही. मालक पुतण्याला विचारतात. पुतण्या मोबाइल काढून दाखवतो की आहे. दोघांचा प्रोग्रॅमवरचा विश्वास तिथे संपतो.

चुका झाल्या तर एपीआय त्यांना क्रमांक देतो. १ म्हणजे अज्ञात चूक, २ म्हणजे सेवा तात्पुरती बंद, ४ म्हणजे फार वेळा विचारले, १०० म्हणजे चुकीचा तपशील दिला, १९० म्हणजे टोकन बाद. १९० ला पोटक्रमांकही आहेत: ४६० म्हणजे पासवर्ड बदलला, ४६३ म्हणजे मुदत संपली. परवानगी नसल्याच्या बहुतेक चुका २०० पासून सुरू होतात. म्हणजे उत्तराच्या वरच्या ओळीत २०० आले तर सगळे ठीक असते आणि खालच्या मजकुरात २०० आले तर परवानगी नसते. दोन्ही पद्धती आपापल्या जागी निर्दोष आहेत. फोनवर 'अहो, दोनशे येतंय' असे सांगणाऱ्याला मात्र अभिनंदन करावे की सांत्वन, हे ऐकणाऱ्याला ठरवता येत नाही. प्रत्येक चुकीबरोबर अक्षरे आणि अंकांचा एक लांब माग क्रमांकही येतो. तो सपोर्टला कळवायचा असतो. लोक त्याचा स्क्रीनशॉट पाठवतात, त्यात शेवटची चार अक्षरे कापली गेलेली असतात.

विचारण्यावर मर्यादा आहे. एका तासात किती विनंत्या चालतील हे प्रोग्रॅमच्या वापरकर्त्यांच्या संख्येला २०० ने गुणून काढतात. एकच वापरकर्ता असलेल्या मिसळीच्या दुकानाला दोनशे पुष्कळ झाल्या. फक्त रिकामी यादी आल्यावर दर सेकंदाला पुन्हा विचारणारा प्रोग्रॅम लिहू नये; त्याचे दोनशे साडेतीन मिनिटांत संपतात आणि उरलेला तास मालकांना समजावण्यात जातो.

डॉकमधले नमुने वेगळ्या जगात घडतात. तिथल्या माणसाला एकच पेज असते, त्याचे नाव आणि दुकानाचे नाव एकच असते, त्याने सर्व ठिकाणी टिक केलेली असते आणि त्याचा पुतण्या नसतो. नमुन्यांत खऱ्या कोणाचा पत्ता येऊ नये म्हणून 'एक्झाम्पल डॉट कॉम' हा पत्ता १९९९ मध्येच आरएफसी २६०६ नुसार राखून ठेवण्यात आला आहे; डॉकमधली निम्मी दुकाने तिथेच असतात आणि त्यांच्यात कधी भांडण होत नाही. स्क्रीनशॉटबद्दल असे की चित्रात ज्या बटणाला लाल वर्तुळ केलेले असते ते बटण चित्र काढल्यानंतर हलवण्यात येते. लाल वर्तुळ जिथे होते तिथेच राहते.

इतर माध्यमांची व्यवस्था थोडक्यात सांगता येते, कारण प्रश्न तोच आहे आणि दार वेगळे. गूगलवर पेज नसून ठिकाण असते. २०१४ चे 'गूगल माय बिझनेस' नोव्हेंबर २०२१ पासून 'गूगल बिझनेस प्रोफाइल' झाले, आणि तिथे आधी खात्यांची, मग खात्यातल्या ठिकाणांची यादी मागावी लागते. प्रत्येक ठिकाणाबद्दल नेमके काय हवे तेही सांगावे लागते, नाहीतर विनंती परत येते. यूट्यूबवर 'माझे' असे सांगून चॅनेल मागता येते. दिवसाच्या १०,००० एककांपैकी त्याला एकच एकक लागते, त्यामुळे हा सर्वांत स्वस्त आत्मशोध म्हणता येईल. लिंक्डइनवर कोणत्या संस्थांचा कारभार या माणसाकडे आहे ते विचारता येते. मिसळीच्या दुकानाचे तिथे पेज नाही, थोरल्या मुलाने मात्र तिथे स्वतःची ओळख 'अन्नप्रक्रिया उद्योगातील तिसरी पिढी' अशी दिली आहे. आणि दुकानाची खरी उलाढाल, म्हणजे पार्सलच्या ऑर्डरी, ऑफिसांच्या पार्ट्या आणि उधारी, व्हॉट्सअ‍ॅपवर चालते. तिथे 'पेज' ही वस्तूच नसल्यामुळे ती कोणत्याही यादीत येत नाही.

आवृत्त्यांचा भाग डॉकच्या तळाशी असतो. ग्राफ एपीआयची दुसरी आवृत्ती ३० एप्रिल २०१४ रोजी आली आणि तेव्हापासून प्रत्येक आवृत्ती किमान दोन वर्षे चालेल अशी हमी मिळू लागली. ऐकायला दोन वर्षे पुष्कळ वाटतात. दुकानाचा प्रोग्रॅम एकदा चालू झाला की त्याला कोणी हात लावत नाही, कारण चालत्या गाडीला खीळ कोण घालणार. आणि आवृत्ती बंद होत असल्याची सूचना ज्या ई-मेलवर येते तो थोरल्या मुलाला आठवत नसलेलाच ई-मेल असतो.

अलीकडे डॉकला नवा वाचक मिळाला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल जाहीर केल्यापासून असे एपीआय 'टूल' म्हणून भाषा-मॉडेलच्या हाती देण्याची एक सामायिक पद्धत रूढ झाली आहे. प्रत्येक टूलचे नाव, ते कशासाठी आहे आणि त्याला काय द्यायचे, याचे छोटेसे वर्णन लिहावे लागते. मॉडेल ते वाचून कोणते टूल कधी वापरायचे ते ठरवते. सगळे वर्णन, पहिल्या वाक्यासकट, वाचणारा वाचक डॉक लिहिणाऱ्यांना इतक्या वर्षांत प्रथमच लाभला आहे, आणि अडचण नेमकी तीच आहे. वर्णनात 'व्यवसायाची सर्व पेजेस देते' असे ढोबळ लिहिले, टोकन पुतण्याचे दिले आणि मालक म्हणाले, 'आपल्या सगळ्या पेजेसवर टाक, गुरुवारी दुकान बंद', तर ही आज्ञा शब्दशः पाळली जाऊ शकते. गुरुवारी कोचिंग क्लासला कोणी येत नाही. क्रिकेट स्पर्धेची उपांत्य फेरी एकाच संघाच्या उपस्थितीत पार पडते. मंडळाच्या पेजखाली वर्गणीदार विचारतात की बंद म्हणजे कायमचे का. आणि बऱ्याच दिवसांनी जागे झालेल्या निवडणुकीच्या पेजवर ती सूचना वाचून विरोधी गट पेढे वाटतो.

म्हणून अशा टूलच्या वर्णनात तीन गोष्टी स्वच्छ लिहाव्यात. हे टूल ज्याचे टोकन त्या माणसाची पेजेस देते, व्यवसायाची देतेच असे नाही. यादी अपुरी किंवा रिकामी असली तरी चूक झाल्याचे सांगत नाही. यादीतल्या एखाद्या पेजवर काही टाकण्यापूर्वी ते कोणते, हे माणसाला नाव दाखवून विचारावे. तिन्ही वाक्ये जुन्या डॉकमध्ये कुठे ना कुठे होतीच. आता ती वर आणावी लागतात, एवढाच फरक.

वर्णनाच्या 'ज्ञात मर्यादा' या शेवटच्या भागात टूल काय सांगू शकत नाही याची नोंद असते. एखादे पेज सोडून गेलेल्याचे आहे की सांभाळणाऱ्याचे, हे ते सांगत नाही. कव्हर फोटोतली मिसळ कोणत्या दुकानाची, हे सांगत नाही. एजन्सीचे बिल दिल्यावर पाचवे पेज परत मिळेल का, हे सांगत नाही. सातांपैकी कोणते ठेवावे आणि कोणती बंद करावी, यासाठी कोणत्याही आवृत्तीत एंडपॉइंट नाही; त्यासाठी पुतण्याला फोन करावा लागतो. तो फोन सकाळी अकराच्या आत लागत नाही, आणि लागला तर प्रतिसाद 'बघतो काका' एवढाच येतो. त्याचा अर्थ २०० आहे. वरचा की खालचा, ते गुरुवारी कळते.